क्रिस्टलवर उगाच आळ

काटोलकडचा एक मेकॅनिक मागच्या आठवड्यात शेतीपंपाचं टायमर कार्ड घेऊन आला. संत्र्याच्या बागेत बसवलेलं कार्ड. लाइन असली की ठरल्या वेळी मोटर चालू करायची, ठरल्या वेळी बंद करायची, एवढंच त्याचं काम. त्यातलं घड्याळ अडकून बसलं होतं. वेळ लावता यायची, पण लावलेली वेळ पुढे सरकायची नाही.

"काका, तीन क्रिस्टल बदलून पाह्यले, चालूच होऊन नाही राह्यलं," असं म्हणत त्यानं शर्टाच्या खिशातून कागदाची पुडी काढली. पुडीत बासमतीच्या दाण्याएवढ्या तीन चकचकीत डब्या. एक कार्डातला मूळचा क्रिस्टल, दोन नागपूरच्या बर्डी बाजारातून आणलेले. चौथा कार्डावर होताच.

"बदलायला सांगितलं कोणी?"

त्यानं मोबाइल पुढे केला. तो मेसेज माझ्याकडेही तोवर चार वेळा येऊन गेला होता. रिपेअरवाल्यांच्या ग्रुपवर, पॉलिटेक्निकच्या पोरांकडून, एकदा तर एका मास्तरांकडून. ऑसिलेटर, म्हणजे क्रिस्टलच्या लयीवर चिपला ठोके देणारं सर्किट, सुरू होत नसेल तर सहा उपाय, असा तो मेसेज आहे. एक, सर्किट सुरू होत नाही म्हणजे क्रिस्टल खराब, सरळ बदला. दोन, खात्री हवी असेल तर मल्टिमीटरच्या बीपवर लावा, बीप नाही म्हणजे मेला. तीन, २२ पीएफचे (पिकोफॅरड, कपॅसिटरचं माप) दोन कपॅसिटर कुठल्याही क्रिस्टलला चालतात, जास्त लावले तर अजून पक्कं. चार, स्कोपचा (लहर पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राचा) प्रोब क्रिस्टलच्या पायावर ठेवा, लहर दिसली नाही तर ऑसिलेटर बंद आहे. पाच, क्रिस्टलला समांतर १ मेगओम लावला की हमखास सुरू. सहा, बोट लावल्यावर सुरू झालं तर ड्राय सोल्डर, म्हणजे कच्चा टाका, पुन्हा टाका मारा.

यातलं प्रत्येक वाक्य कुठे ना कुठे, कधी ना कधी खरं ठरलेलं आहे. म्हणून तर हा मेसेज टिकून आहे. कुणाच्या तरी बाकड्यावर एकदा जमलेली गोष्ट सगळ्या जगाला नियम म्हणून वाटली गेली आहे, एवढाच त्याचा दोष. पण त्या दोषापायी पोरं दिवसच्या दिवस घालवतात आणि धड बोर्डाचे ट्रॅक उखडतात, म्हणून हे लिहितोय.

आधी एक गोष्ट मनात पक्की हवी. क्रिस्टल स्वतः काही करत नाही. तो म्हणजे क्वार्ट्झची एक चकती. १२ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलमध्ये ती साधारण ०.१४ मिलिमीटर जाड असते. पाळण्यासारखी ती आपल्या ठरलेल्या लयीतच हलते, पण दोरी ओढायला कुणीतरी लागतं. दोरी ओढते चिप. दोरी नेमकी केव्हा ओढायची ती वेळ जुळवतात दोन बाजूंचे दोन कपॅसिटर. सुरुवातीचा हलका धक्का सर्किटमधल्या नॉइजमधून येतो आणि प्रत्येक फेरीत थोडा थोडा वाढत जातो. मेगाहर्ट्झवाल्या क्रिस्टलला रंगात यायला काही मिलिसेकंद पुरतात, घड्याळाच्या ३२.७६८ किलोहर्ट्झवाल्याला कधी कधी अख्खा सेकंद लागतो. पाळणा हलत नसेल तर पाळणाच मोडका आहे असं आपण म्हणत नाही. दोरी ओढणारा झोपला असेल, दोरी तुटली असेल, नाहीतर पाळण्यात कुणी दगड ठेवला असेल.

"सुरू होत नाही म्हणजे क्रिस्टल खराब"

त्या काटोलच्या कार्डात घड्याळाची चिप डीएस१३०७ होती. या चिपमध्ये सेकंदांच्या रजिस्टरचा (आकडा साठवायच्या खणाचा) सर्वांत वरचा बिट सेकंदांसाठी नसतो. त्याचं काम घड्याळ थांबवणं. तो १ असेल तर चिप ऑसिलेटर चालवतच नाही, तुम्ही स्वित्झर्लंडहून क्रिस्टल आणून लावला तरी. पहिल्यांदा वीज मिळते तेव्हा हा बिट १ असतो आणि प्रोग्रॅमनं तो ० करायचा असतो. कार्ड बनवणाऱ्यानं तो कारखान्यात एकदाच ० केला होता. पुढे बटणांनी फक्त तास-मिनिटं बदलायची सोय ठेवली, सेकंदाच्या रजिस्टरला प्रोग्रॅम हात लावत नव्हता. काही वर्षांनी कार्डावरचा बटण सेल संपला, त्याच रात्री लाइन गेली, चिप सगळं विसरली आणि सकाळी लाइन आल्यावर तो बिट पुन्हा १. घड्याळ थांबलं. क्रिस्टलचा यात काडीचाही संबंध नाही.

मी एक आर्डुइनो, म्हणजे प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड, घेतला, चिपच्या ५ आणि ६ नंबरच्या पिनांना दोन वायरी लावल्या, सेकंदाच्या रजिस्टरमध्ये शून्य लिहिलं. घड्याळ चालू. नवा सेल टाकला. काम पाच मिनिटांचं, बाकीचा वेळ चहा आणि त्याला समजावण्यात गेला.

याच जातीचं दुसरं प्रकरण म्हणजे एटीमेगा३२८पी या मायक्रोकंट्रोलरचे, म्हणजे प्रोग्रॅम चालवणाऱ्या चिपचे, फ्यूज. फ्यूज म्हणजे वायरचा नव्हे, चिपच्या पोटातल्या सेटिंगचे बिट. ही चिप कोरी येते तेव्हा स्वतःच्या ८ मेगाहर्ट्झच्या आतल्या ऑसिलेटरवर चालते आणि त्यालाही ८ ने भागते, म्हणजे १ मेगाहर्ट्झ. बाहेर १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल कितीही प्रेमानं लावा, ती त्याच्याकडे बघतही नाही. क्रिस्टलच्या पायांवर शांतता असणार, कारण चिपनं तिथली दोरी हातातच घेतलेली नाही. इथे एक खूण लक्षात ठेवा. १६ मेगाहर्ट्झ धरून लिहिलेला एका सेकंदाचा ब्लिंक १६ सेकंदांनी होत असेल, तर क्रिस्टल काढू नका, फ्यूज वाचा.

उलटंही होतं. फ्यूज बाहेरच्या क्रिस्टलवर लावून बसलात आणि बोर्डावर क्रिस्टलच नाही, तर प्रोग्रॅमरला चिप उत्तर देत नाही. पोरं म्हणतात चिप मेली. मेलेली नसते. एक्सटीएएल१ या क्रिस्टलच्या पिनवर बाहेरून १ मेगाहर्ट्झच्या आसपासची चौकोनी लहर द्या, ती बोलायला लागते, मग फ्यूज परत बदला. पिक जातीच्या मायक्रोकंट्रोलरमध्येही हाच खेळ आहे. ४ मेगाहर्ट्झपर्यंतच्या क्रिस्टलला एक्सटी मोड, त्यावर एचएस. २० मेगाहर्ट्झचा क्रिस्टल एक्सटीवर ठेवलात तर दोरी ओढणाऱ्याच्या हातात जोरच पुरत नाही.

८०५१ या जुन्या मायक्रोकंट्रोलरला असले फ्यूज नाहीत, म्हणून आपल्याकडच्या कॉलेजांत ती अजून जीव धरून आहे. पण तिथेही क्रिस्टलला हात लावायच्या आधी चार पिना बघायच्या. ४० वर ५ व्होल्ट, २० वर ग्राउंड, ९ वरचा रीसेट खाली आलेला, ३१ वरची ईए (प्रोग्रॅम आतल्या मेमरीतून घ्यायचा की बाहेरच्या, ते ठरवणारी) वर बांधलेली. रीसेट वर अडकलेला असेल किंवा ईए लोंबकळत असेल, तर प्रोग्रॅम चालत नाही आणि पोरगं जाहीर करतं, "क्रिस्टल गेला." रीसेट वर असतानाही ऑसिलेटर मात्र मजेत चालू असतो.

आणि एक प्रकार असा की ऑसिलेटर सुरू झालेला असतो, पण भलत्याच सुरात. एकानं जुन्या रिमोटच्या गाडीतून २७ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल काढून लावला. "सिरियलवर कचरा येऊन राह्यला." येणारच. असले क्रिस्टल बहुधा तिसऱ्या ओव्हरटोनचे, म्हणजे मूळ सुराच्या साधारण तिप्पट वाजवायचे असतात. साध्या सर्किटमध्ये ते मूळ सुरात म्हणजे ९ मेगाहर्ट्झच्या जवळ वाजतात. २७वर वाजवायचं असेल तर खालचा सूर दाबायला कॉइल आणि कपॅसिटरची जोडी लागते.

"मल्टिमीटरच्या बीपवर लावा"

चांगला क्रिस्टल डीसीला उघडा असतो, म्हणजे वीज आरपार जात नाही. बीप वाजणार नाही. चकती आतून तुटलेली असली तरी उघडाच, बीप वाजणार नाही. बीप वाजलीच तर आत शॉर्ट आहे, आणि असा क्रिस्टल मी क्वचित बघितलाय. म्हणजे ही चाचणी चांगल्याला आणि मेलेल्याला एकच निकाल देते. मेसेजात तर "बीप नाही म्हणजे मेला" असं लिहिलंय. त्या हिशोबानं बर्डीच्या दुकानातला अख्खा डबा फेकून द्यावा लागेल.

"२२ पीएफ कुठेही चालतो, जास्त लावला तर अजून पक्कं"

इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त नुकसान हे वाक्य करतं.

२२ची सवय कुठून आली ते सांगतो. एटी८९एस५२ या ८०५१च्याच जातीच्या चिपच्या डेटाशीटमध्ये क्रिस्टलसाठी ३० पीएफ, अधिक-उणे १० असं लिहिलंय. २२ त्यात बसतो, ३३ही बसतो. पिढ्यान्पिढ्या पोरांनी २२ लावला, चाललं. पुढे चिपा बदलल्या, क्रिस्टल बदलले, सवय तीच राहिली.

खरा हिशोब असा. क्रिस्टलच्या कागदावर लोड कपॅसिटन्स, म्हणजे त्याला बाहेरून एकूण किती कपॅसिटन्स हवा, ते दिलेलं असतं. समजा २० पीएफ. क्रिस्टलच्या नजरेतून दोन्ही कपॅसिटर मालिकेत येतात, म्हणून दोन २२ मिळून ११ होतात. त्यात पिना आणि ट्रॅकचे ३ ते ५ मिळवा. झाले १४ ते १६. म्हणजे २०च्या क्रिस्टलला कमी पडले. सर्किट सुरू होईल, उलट जरा लवकरच होईल, पण फ्रिक्वेन्सी किंचित वर सरकेल. एलईडी लुकलुकवायला किंवा सिरियलवर चार अक्षरं पाठवायला कोण विचारतो? पण घड्याळ करणार असाल तर दहा लाखांत ५० भागांचा फरक म्हणजे दिवसाला चार सेकंदांहून जास्त.

आता "जास्त लावला तर पक्कं" हे बघू. दोरी ओढणाऱ्याला किती जोर लागेल, ते चार गोष्टींवर ठरतं. क्रिस्टलचा ईएसआर म्हणजे आतलं घर्षण, फ्रिक्वेन्सीचा वर्ग, आणि क्रिस्टलचा स्वतःचा कपॅसिटन्स अधिक लोड, या बेरजेचाही वर्ग. एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्स या चिप कंपनीच्या ऑसिलेटरवरच्या नोटमध्ये हेच सूत्र आहे, वर्गाआधी फ्रिक्वेन्सीला २π ने आणि शेवटी सगळ्याला ४ ने गुणायचं. चिपचा जोर या आकड्याच्या निदान पाचपट असावा असंही त्यात सांगितलंय. आकडे घालून पाहा. ८ मेगाहर्ट्झ, ईएसआर ८० ओम, स्वतःचा कपॅसिटन्स ७ पीएफ. लोड १० ठेवला तर लागणारा जोर येतो ०.२३ मिलिअँपिअर प्रति व्होल्ट. लोड २० केला की ०.५९. कपॅसिटर दुप्पट केले आणि चिपवरचं ओझं अडीचपट झालं. पक्कं व्हायचं तर सोडाच, काठावर असलेलं सर्किट तिथंच बसतं.

काठावरचं सर्किट ओळखायचं कसं? क्रिस्टलच्या एका पायात मालिकेत रेझिस्टर टाका. ईएसआर ४० ओमचा असेल तर १८० ओम टाकूनही दहापैकी दहा वेळा सुरू व्हायला हवा. होत असेल तर पाचपटीचा हिशोब सुटला. नसेल तर आज बाकड्यावर चालणारं कार्ड उद्या मे महिन्यात, उन्हात तापलेल्या टिनाच्या पेटीत बंद पडणार नाही याची खात्री देऊ नका. चिप तापली की तिचा जोर उतरतो आणि आपल्याकडचा मे काय असतो ते मी नागपूरकरांना सांगायला नको. डिसेंबरात पास केलेली कार्डं मेमध्ये परत येतात ती अशी. शिवाय क्रिस्टल जितका छोटा तितका साधारणपणे ईएसआर जास्त. जुना मोठ्या डबीचा क्रिस्टल काढून त्याच फ्रिक्वेन्सीचा, बोर्डावर सपाट बसणारा चिमुकला एसएमडी बसवला तर हिशोब नव्यानं करावा लागतो.

घड्याळाच्या क्रिस्टलची तऱ्हाच निराळी. तिथे लोड ६, ७, ९ किंवा १२.५ पीएफ असतो आणि ईएसआर ओमांत नाही, हजारो ओमांत. डीएस१३०७ला १२.५ पीएफवाला क्रिस्टल लागतो आणि बाहेर एकही कपॅसिटर लागत नाही, ते चिपच्या आतच आहेत. मेसेज वाचून तिथे दोन २२ लावणारे मी पाहिलेत. पाळण्यात दगड ठेवणं म्हणतात ते हे.

आता कपॅसिटरच्या पोटावरचे आकडे. एक पोरगी प्रोजेक्टचा बोर्ड घेऊन आली होती. सोल्डरिंग देखणं, सगळं जागच्या जागी, ऑसिलेटर ढिम्म. मी भिंग लावलं. क्रिस्टलशेजारच्या दोन्ही चकत्यांवर २२३ लिहिलेलं. २२३ म्हणजे २२वर तीन शून्यं, २२,००० पीएफ. हवे होते २२, लावले हजारपट. तिनं दुकानात "२२चा द्या" म्हटलं होतं, दुकानदारानं समोर आला तो २२ दिला. सांगायची गोष्ट म्हणजे २२ पीएफच्या चकतीवर कधी नुसतं २२ असतं, कधी २२०. तिथला शेवटचा शून्य म्हणजे पुढे एकही शून्य नाही. २२१ म्हणजे २२०. बर्डीवरच्या मोदी नंबर तीनच्या गल्लीत, गर्दीत उभं राहून मागताना "पीएफ" हा शब्द तोंडातून निघालाच पाहिजे, आणि चकती हातात आल्यावर आकडा वाचलाच पाहिजे.

पाचवा उपाय आधी घेतो, तो लवकर संपतो.

"१ मेगओम लावला की हमखास सुरू"

त्या रेझिस्टरचं काम म्हणजे आतल्या इन्व्हर्टरला (घरातला बॅटरीवाला नव्हे, चिपमधलं लहर उलटवून वाढवणारं गेट) मधोमध, सप्लायच्या निम्म्यावर बसवणं, म्हणजे तो लहानशी हालचालही मोठी करू शकतो. बहुतेक मायक्रोकंट्रोलरमध्ये हा रेझिस्टर आतच असतो. तिथे बाहेरून लावून मिळत काही नाही, बिघडतंही फारसं नाही. तुम्ही सुटे गेट घेऊन ऑसिलेटर करत असाल तर मात्र तो हवाच, आणि गेटही ७४एचसीयू०४ सारखं, बफर नसलेलं घ्या. सीडी४०६० या, ऑसिलेटरची लहर भागत नेणाऱ्या चिपलाही तो बाहेरूनच द्यावा लागतो. पण घड्याळाच्या क्रिस्टलवर १ मेगओम म्हणजे भार. तिथे १० मेगओम किंवा त्याहून मोठा लागतो. चालू असलेलं घड्याळ या उपायानं बंद पाडलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय.

"प्रोब ठेवा, लहर दिसली नाही तर बंद"

प्रोब म्हणजे नुसता डोळा नाही, तोही एक कपॅसिटर आहे. प्रोबवरचं बटण १०एक्सवर असेल तर त्याचे साधारण १० ते १५ पीएफ, १एक्सवर ५० ते १००. आता २२च्या शेजारी १०० बसवून बघा काय होतं ते. एक्सटीएएल१ म्हणजे इन्व्हर्टरची इनपुट बाजू, ती सर्वांत नाजूक. तिथे १एक्स प्रोब ठेवला की चालू पाळणा थांबतो आणि आपण वहीत लिहितो, ऑसिलेटर बंद. कॉलेजच्या लॅबमधल्या कितीतरी प्रोबांची बटणं १एक्सवरच अडकलेली असतात, ते आधी पाहा.

याच्या उलटही घडतं. प्रोब लावला की चालतं, काढला की थांबतं. अशा वेळी प्रोबला दुवा देत बसू नका. त्या बाजूचा कपॅसिटर सुटलाय किंवा लावायचाच राहिलाय का ते बघा. त्याची जागा प्रोब भरून काढतोय.

क्रिस्टलला न शिवता बघायच्या जागा भरपूर आहेत. ८०५१वर ३० नंबरची एएलई पिन. तिथे क्रिस्टलच्या एक षष्ठांश लहर मिळते, १२ मेगाहर्ट्झला २ मेगाहर्ट्झ. मी ८०५१च्या बोर्डावर कधीच क्रिस्टलच्या पायाला हात लावत नाही, सरळ एएलईवर जातो. एटीमेगा३२८पीत एक फ्यूज लावला की घड्याळाची लहर पीबी०वर बाहेर येते. एसटीएम३२ मायक्रोकंट्रोलरमध्ये त्यासाठी एमसीओ पिन आहे. डीएस१३०७च्या ७ नंबरच्या पिनवर सेकंदाला एक ठोका मागता येतो, फक्त तिला वर ओढणारा रेझिस्टर लावायला विसरू नका. कुठेच सोय नसेल तर निदान आउटपुट बाजूला, एक्सटीएएल२ला, १०एक्सनं शिवा. तिथे ५ व्होल्टची भरघोस लहर दिसली नाही म्हणून घाबरायचं कारण नाही. एटीमेगाच्या लो पॉवर मोडमध्ये लहर लहानच ठेवलेली असते.

स्कोप नाही? घरात जुना शॉर्टवेव्ह रेडिओ असेल तर काढा. १२ मेगाहर्ट्झचा बोर्ड चालू करून रेडिओ अगदी शेजारी ठेवा आणि काटा १२ मेगाहर्ट्झभोवती सावकाश फिरवा. ऑसिलेटर चालू असेल तर एका जागी रेडिओची खरखर एकदम दबते. तिथे वाजणारं काही नसतं, नुसती शांतता. बोर्डाची वीज काढली की खरखर परत. स्कोप घ्यायची ऐपत नसताना मी कितीतरी बोर्ड असेच तपासले आहेत, आणि खरं सांगू, अजूनही पोरांना हे दाखवताना मला मजा येते.

"बोट लावल्यावर सुरू झालं तर ड्राय सोल्डर"

ड्राय सोल्डर असू शकतो. पण बोट एका वेळी तीन-चार गोष्टी करतं. दाब देतं. काही पीएफ वाढवतं. ओलसर कातडीतून थोडी गळती करतं, म्हणजे जणू एखादा मोठा रेझिस्टर लावतं. वर घरातल्या लाइनची गुणगुण सर्किटमध्ये ढकलतं, तोही एक धक्काच. यातलं नेमकं कशानं सुरू झालं, हे बोटाला विचारून कळत नाही. म्हणून वेगवेगळं करून बघा. सुक्या प्लास्टिकच्या काडीनं क्रिस्टल नुसता दाबा. त्यानं सुरू झालं तर सांधा सैल आहे, मारा टाका. दाबून काही होत नाही, पण प्लास्टिकच्या मुठीच्या पेचकसाचं टोक पायाला टेकवलं की सुरू होतं, तर कपॅसिटर कमी पडतोय किंवा सर्किट काठावर आहे. दोन्हीनं होत नाही, फक्त ओलसर बोटानंच होतं, तर बायसचा घोटाळा आहे, म्हणजे तो मेगओमवाला रेझिस्टर गायब किंवा तुटका.

आणि याच्या अगदी उलट, बोर्ड सुकवल्यावरच सुरू होणारं सर्किट. हे आपल्या गावचं खास दुखणं आहे, त्यामुळे थोडं सविस्तर.

एका मेमध्ये माझ्याकडे घड्याळवाली कार्डं जोडली जात होती. सकाळची कार्डं पास व्हायची, दुपारनंतरची नापास. तेच क्रिस्टल, तीच चिप, तोच जोडणारा पोरगा. पोराला दोन दिवस बोललो, तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की दुपारी कुलर लागतो. वाळ्याच्या टाट्यांतून येणारी गार ओली हवा थेट बाकड्यावर. आणि सोल्डरिंगला वापरलेली पिवळ्या डबीतली पेस्ट, जिचा चिकट थर क्रिस्टलच्या दोन पायांमध्ये तसाच राहिलेला. ती पेस्ट हवेतलं पाणी ओढून घेते. कोरड्या सकाळी त्या थरातून गळती नगण्य, कुलरसमोर तीच काही मेगओमवर येते. १२ मेगाहर्ट्झच्या सर्किटला त्याचं काही वाटत नाही, तिथला रेझिस्टरच १ मेगओमचा. पण ३२ किलोहर्ट्झच्या सर्किटमध्ये आतला रेझिस्टर दहा मेगओमच्या वर, मग ही गळती त्याला सहज खाली ओढते. जुन्या टूथब्रशनं आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलनं कार्डं घासली, केस वाळवायच्या यंत्रानं सुकवली, सगळी सुरू. एकही टाका पुन्हा मारला नाही. मारला असता तर अजून पेस्ट लागली असती. थिनरनं धुऊ नका, तो पेस्ट नुसती पसरवतो आणि वर पांढरा थर सोडतो.

हिवाळ्यात शेतातल्या पेटीत हेच काम दव करतं. सकाळी सातला बंद, अकराला ऊन चढलं की चालू, असं कार्ड आलं की मी क्रिस्टलकडे बघतच नाही, आधी ब्रश काढतो.

मग क्रिस्टल कधी खराब होतच नाही का? होतो. घड्याळाच्या क्रिस्टलच्या आत चिमट्यासारखा बारीक काटा असतो, तो खाली पडला तर तुटू शकतो. त्याला फार जोरानं हलवलं तरी तुटतो. त्याची सोसायची ताकद साधारण १ मायक्रोवॅट, म्हणून ४०६०च्या सर्किटमध्ये त्याच्यापुढे काही लाख ओमांचा रेझिस्टर देतात, तो गाळायचा नाही. अल्ट्रासोनिक टबात बोर्ड धुणाऱ्यांनीही जपावं. आणि डबीला टाका मारून ती बोर्डावर चिकटवणाऱ्यांनी तर नक्कीच.

शंका आलीच तर चाचणी एकच. चालू असल्याची खात्री असलेल्या सर्किटमध्ये तो लावून बघायचा. माझ्याकडे जुन्या ८०५१च्या बोर्डावर क्रिस्टलच्या जागी दोन भोकांचं सॉकेट आहे, १२ मेगाहर्ट्झवाल्यासाठी. घड्याळवाल्यासाठी एक सीडी४०६०, भागाकाराच्या शेवटच्या टप्प्याच्या पिनवर एलईडी. ३२,७६८ला १६,३८४ने भागलं की २ उरतात, म्हणून क्रिस्टल धड असेल तर एलईडी सेकंदाला दोनदा लुकलुकतो. सगळा खर्च एका तर्री पोह्याच्या नाश्त्याइतका.

काटोलच्या त्या मेकॅनिकच्या पुडीतले तिन्ही क्रिस्टल त्याच्यासमोरच एकेक करून लावले. बर्डीवरून आणलेले दोन्ही लगेच लुकलुकले. तिसरा, कार्डातला मूळचा, गप्प. भिंगातून पाहिलं तर त्याच्या डबीच्या बुडाशी टाक्याचा गोळा. काढताना त्यानं पायांऐवजी डबीच तापवली होती.

तो थोडा वेळ पुडीकडे पाहत राहिला. मग दोन चांगले एका बाजूला ठेवले, तिसरा कचऱ्यात टाकला आणि म्हणाला, "मंग काका, मोटरचं टायमिंग आता इथंच लावून देता का? पहाटे साडेचारचं."